२७ महिने: मिसिसिपीच्या बाळाच्या रक्तात विषाणू होता कुठे?

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या राजधानीत, जॅक्सनमधल्या विद्यापीठ रुग्णालयात, २३ महिन्यांची एक मुलगी तपासणीसाठी परत आली. मधले पाच महिने तिला एचआयव्हीचं एकही औषध मिळालेलं नव्हतं. आईचं येणं थांबलं होतं, मग शोधाशोध झाली आणि दोघी पुन्हा सापडल्या. बालरोगतज्ज्ञ डॉ. हॅना गे यांना पुढचं चित्र ठाऊक होतं: औषध सुटलेल्या मुलांच्या रक्तात विषाणू काही आठवड्यांतच उसळून येतो. आधी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, मोजायचा आणि मग औषधं पुन्हा सुरू करायची, एवढंच काय ते ठरवायचं होतं.

अहवाल आला तर विषाणू सापडलाच नाही. पुन्हा रक्त घेतलं. पुन्हा तेच. अँटिबॉडी चाचणीही निगेटिव्ह. डॉ. गे यांच्या मनात पहिली शंका आली ती धडकी भरवणारी होती, की मुळात संसर्ग नसलेल्या बाळाला आपण दीड वर्ष ही जड औषधं दिली की काय! त्यांनी जुने कागद काढले.

मला या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा भाग हे जुने कागदच वाटतात. बातम्यांनी ते एका ओळीत उरकले, म्हणून इथे जरा सावकाश बघू.

बाळ जुलै २०१० मधलं, ३५ आठवड्यांचं, म्हणजे थोडं अपुऱ्या दिवसांचं. आईची गरोदरपणात तपासणीच झालेली नव्हती. तिला एचआयव्ही आहे हे कळलं ते प्रसूतीच्या वेळच्या झटपट चाचणीत, त्यामुळे आईला औषध देऊन बाळाचा बचाव करायची नेहमीची वाट बंद झाली होती. अशा बाळाला तेव्हा सहसा एक-दोन औषधांचे प्रतिबंधक, म्हणजे कमी ताकदीचे डोस देत. संसर्ग झाल्याचं चाचणीत पक्कं झालं की मगच पूर्ण उपचार. डॉ. गे यांनी अहवालाची वाट पाहिली नाही. बाळ ३० तासांचं असताना झिडोव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरापिन ही तिन्ही औषधं उपचाराच्या मात्रेत सुरू केली. आठवडाभरानंतर नेव्हिरापिनच्या जागी लोपिनाव्हिर-रिटोनाव्हिर आलं.

उपचाराच्या सुरुवातीला घेतलेल्या रक्तात विषाणूच्या १९,८१२ प्रती दर मिलिलिटरला मिळाल्या. सातव्या दिवशी २,६१७. बाराव्या दिवशी ५१६. विसाव्या दिवशी २६५. आणि २९ व्या दिवशी चाचणीची मर्यादा असलेल्या ४८ च्याही खाली.

संशय घेणाऱ्यांनी पुढे विचारलं की हा विषाणू बाळाचा होता की प्रसूतीत मिसळलेल्या आईच्या रक्तातला. प्रश्न रास्त आहे. पण आईचा व्हायरल लोड होता २,४२३. आईच्या रक्ताचा अंश मिसळून बाळाच्या रक्तात त्याच्या आठपट विषाणू कसा येईल? विहिरीत नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? शिवाय आकडा पायरीपायरीने उतरला. औषध लागू पडलेल्या बाधित बाळाचा आलेख असाच उतरतो. आईच्या काही पेशी वाहत आल्या असत्या तर त्या चार आठवडे अशा शिस्तीत ओसरल्या नसत्या. बाळाला संसर्ग झालेला होता, याबद्दल मला तरी शंका वाटत नाही.

मग २३ व्या महिन्यात तो गेला कुठे?

हे समजायचं तर औषध काय करतं त्याआधी काय करत नाही ते पाहायला हवं. एचआयव्ही सीडी फोर पेशीत, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या टी पेशींच्या एका प्रकारात, शिरतो, आपल्या आरएनएवरून डीएनए तयार करतो आणि तो पेशीच्या गुणसूत्रात चिकटवून टाकतो. त्यापुढे तो डीएनए पेशीचाच भाग. पेशी विभागली की त्याचीही नक्कल आपोआप होते. एआरटीतली, म्हणजे एचआयव्हीवरच्या नेहमीच्या एकत्रित उपचारातली, औषधं विषाणूला नव्या पेशीत घुसू देत नाहीत, डीएनए बनवू देत नाहीत, नवे कण पक्के होऊ देत नाहीत. जो डीएनए आधीच चिकटलेला आहे, त्याला मात्र यातलं एकही औषध हात लावत नाही. छापखान्याला कुलूप लागतं, मूळ मजकूर कपाटात तसाच राहतो.

बहुतेक बाधित पेशी लढतालढता काही दिवसांत मरतात. पण काही पेशी संसर्ग झाल्यावर मरायच्या आधीच विश्रांत अवस्थेत जातात, स्मृतिपेशी बनतात. ज्या जंतूशी एकदा गाठ पडली त्याची आठवण वर्षानुवर्षं जपायची, हेच त्यांचं काम. विश्रांत पेशीत विषाणूची जनुकं बंद असतात. ती वाचायला लागणारे पेशीचे घटक गैरहजर असतात, डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती घट्ट गुंडाळलेला असतो आणि विषाणूचं स्वतःचं टॅट नावाचं प्रथिन, जे एकदा का तयार झालं की बाकीचं यंत्र सुरू करून देतं, तेही नसतं. पृष्ठभागावर विषाणूची एकही खूण नाही. प्रतिकारशक्तीला ती पेशी आपलीच दिसते, आणि एका अर्थी ती असतेही आपलीच.

हा साठा खरंच असतो हे १९९७ मध्ये अमेरिकेतल्या तीन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं. त्यातल्या जॉन्स हॉपकिन्सच्या रॉबर्ट सिलिसियानो यांच्या गटाने पुढे तो किती वेगाने घटतो तेही मोजलं: निम्मा व्हायला सुमारे ४४ महिने. अशा विश्रांत पेशी साधारण दहा लाख आहेत असं धरा. दहा लाखांवरून एकावर यायला वीसदा निम्मं व्हावं लागतं. वीस गुणिले ४४ म्हणजे ८८० महिने, म्हणजे ७३ वर्षं. एआरटी जन्मभर घ्यावी लागते ती या गुणाकारामुळे. त्यात आणखी एक अडचण २०१४ मध्ये पुढे आली. यातल्या काही पेशी नुसत्या टिकत नाहीत, विभागून वाढतातही. म्हणजे एका बाजूने साठा झिजत असताना दुसऱ्या बाजूने भरही पडत असते.

नवजात बाळाची गोष्ट इथे वेगळी पडते. त्याने अजून जग पाहिलेलं नसतं, त्यामुळे स्मृतिपेशी नगण्य असतात आणि लपायला जागाच कमी. त्यात औषध ३० व्या तासाला. म्हणजे साठा रुजायच्या आतच विषाणूची वाढ तोडली गेली. या प्रकरणाचा अभ्यास करणाऱ्या डॉ. डेबोरा परसॉड, डॉ. कॅथरिन लुझुरियागा आणि डॉ. गे यांनी मांडलेला तर्क थोडक्यात हाच होता.

आता प्रयोगशाळेकडे. मुलीचं रक्त नेहमीच्या चाचण्यांच्या फार पुढे जाऊन तपासलं गेलं. अतिसंवेदनशील चाचण्यांत विषाणूच्या जनुकीय पदार्थाचे अगदी तुरळक अंश मिळाले, मोजमापाच्या काठावरचे. ते जिवंत विषाणूचे की मोडक्यातोडक्या डीएनएचे, हे त्यावरून ठरत नव्हतं. साठ्यातला बहुतांश डीएनए असा मोडकाच असतो, त्यातून नवा विषाणू बनू शकत नाही. म्हणून खरी कसोटी दुसरी: विश्रांत सीडी फोर पेशी वेगळ्या काढायच्या, त्यांना डिवचून जागं करायचं आणि शेजारी ठेवलेल्या निरोगी पेशींना संसर्ग होतो का ते पाहायचं. या मुलीच्या २.२ कोटी पेशी अशा तपासल्या. एकीतूनही विषाणू उठला नाही.

२.२ कोटी ऐकायला प्रचंड वाटतं. पण हिशेब करून बघा. नमुन्यात एकही सापडलं नाही, तर संख्याशास्त्राचा ढोबळ नियम सांगतो की खरं प्रमाण तेवढ्या नमुन्यात तीनपर्यंत असू शकतं. म्हणजे सुमारे ७३ लाखांत एक. आता मुलीच्या शरीरात अशा पेशी फक्त हजार कोटी धरा. लसिका ग्रंथी, आतडं, प्लीहा मिळून आकडा याहून मोठाच असतो, पण कमीत कमी धरू. तरी भागाकार १,३०० च्या वर जातो. म्हणजे चाचणी पूर्ण निगेटिव्ह असूनही हजारावर पेशी विषाणू पोटात घेऊन बसलेल्या असू शकतात. रक्ताची नळी म्हणजे गोदामातून काढलेली मूठभर ज्वारी. मुठीत किडा नाही यावरून गोदामाबद्दल काहीतरी कळतं खरं, पण सगळं नाही.

हा हिशेब त्या शास्त्रज्ञांना ठाऊक नव्हता असं अजिबात नाही. त्यांनीच असले हिशेब बसवले होते. गडबड झाली ती शब्दांत. मार्च २०१३ मध्ये अटलांटातल्या परिषदेत हे प्रकरण मांडताना वापरलेला शब्द 'फंक्शनल क्युअर' असा होता, म्हणजे विषाणूचा अंश असेलही, पण औषधाविना तो डोकं वर काढत नाही. मथळ्यांपर्यंत पोचताना पहिला शब्द गळाला आणि 'बाळ बरं झालं' एवढंच उरलं. मराठीत आपण ताप 'उतरला' म्हणतो, रोग 'दबला' म्हणतो, दुखणं 'गेलं' म्हणतो आणि तिन्हींत फरक करतो. त्या आठवड्यात जगभर 'दबला' या अर्थाचा शब्द कुणालाच हवा नव्हता. पुढे वैज्ञानिक लिखाणात 'रेमिशन' रूढ झाला, कर्करोगाच्या डॉक्टरांकडून उसना घेतलेला. तो शब्द पहिल्या दिवसापासून वापरला असता तर पुढच्या वर्षीची निराशा निम्म्याने कमी झाली असती, असं मला राहूनराहून वाटतं.

जुलै २०१४. मुलगी चार वर्षांची होत आलेली, औषधाविना २७ महिने झालेले. आजाराची लक्षणं नाहीत, नेहमीची तपासणी. व्हायरल लोड १६,७५०. चूक असेल म्हणून ७२ तासांनी पुन्हा नमुना घेतला: १०,५६४. सीडी फोर पेशी घटलेल्या, अँटिबॉडी तयार होऊ लागलेल्या. विषाणूचा जनुकक्रम पाहिला तर तो आईकडून आलेलाच होता. बाहेरून नवा संसर्ग झालेला नव्हता. जन्माच्या आसपास कुठल्याशा पेशीत चिकटलेला तो डीएनए जवळजवळ चार वर्षं तिथेच होता आणि त्यातली २७ महिने त्याला रोखायला औषध नव्हतं.

इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. त्या २७ महिन्यांत मुलीची प्रतिकारशक्ती विषाणूला दाबून बसली होती, असं अनेकांना वाटतं. तसं काही नव्हतं. औषध इतक्या लवकर सुरू झालं की तिच्या शरीराला हा विषाणू ओळखण्याची संधीच मिळाली नाही, आईकडून आलेल्या अँटिबॉडी ओसरल्या आणि स्वतःच्या तयारच झाल्या नाहीत. अँटिबॉडी चाचणी निगेटिव्ह आली ती म्हणूनच. दारावर पहारा नव्हता, आत कुणी उठलं नव्हतं, इतकंच. एक पेशी जागी झाली आणि तिला अडवायला कुणी नव्हतं.

मग ती २७ व्या महिन्यातच का जागी झाली? सहाव्या का नाही, किंवा दहा वर्षांनी का नाही?

याचं उत्तर सप्टेंबर २०१४ मध्ये, म्हणजे दोनच महिन्यांनी, हार्वर्डच्या अ‍ॅलिसन हिल आणि सहकाऱ्यांच्या गणिती प्रतिमानात आलं. सुप्त पेशींना घड्याळ नसतं. प्रत्येक पेशी रोज एक फासा टाकते आणि तिचं दान पडायची शक्यता अगदी थोडी असते. पेशी लाखो असल्या तर रोज कुणाचं ना कुणाचं दान पडतंच, म्हणून सर्वसाधारण रुग्णात औषध थांबवल्यावर दोन-तीन आठवड्यांत विषाणू परततो. पेशी मोजक्या असल्या तर महिनोन्महिने काहीच घडत नाही आणि मग एके दिवशी अचानक घडतं. त्यांच्या अंदाजाने बहुतेक रुग्णांना एक वर्ष औषधाविना काढायचं तर साठा सुमारे २,००० पटीने कमी व्हावा लागेल, आणि विषाणू कायमचा परतू नये म्हणून १०,००० पटीहूनही जास्त. कित्येक वर्षांनी विषाणू एकाएकी परतू शकतो हेही त्यात स्पष्ट मांडलं होतं.

या चौकटीत मिसिसिपीचं प्रकरण ठेवलं की ते गूढ राहत नाही. साठा खरोखर अतिशय लहान होता, पण शून्य नव्हता. बॉस्टनच्या दोन प्रौढ रुग्णांचंही तेच. कर्करोगासाठी त्यांच्यात दुसऱ्याच्या अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींचं प्रत्यारोपण झालं होतं आणि साठा निदान हजारपट घटला होता. औषध थांबवल्यावर एकात १२ आठवड्यांनी आणि दुसऱ्यात ३२ आठवड्यांनी विषाणू परतला. मिलानमधल्या एका बाळाला तर मिसिसिपीपेक्षाही लवकर, १२ व्या तासाला उपचार मिळाले होते. तीन वर्षांचं असताना औषध थांबवलं आणि दोन आठवड्यांत विषाणू हजर! म्हणजे नुसत्या लवकर उपचाराने सगळं ठरत नाही. साठा किती उरला आणि फासे कसे पडले, दोन्ही मोजावं लागतं. एकाच मुलीच्या एकाच घटनेवरून यातला वाटा कुणाचा किती, हे वेगळं काढता येत नाही. 'तीस तासांच्या आत सुरू करा, दोन वर्षं निवांत' असा नियम या प्रकरणातून काढणाऱ्यांनी मिलानचा अहवाल आधी वाचायला हवा होता.

सुप्त पेशी साफ करण्याचे आजचे प्रयत्न मी याच दोन आकड्यांशी, २,००० आणि १०,००० शी, ताडून बघतो. बऱ्याच घोषणा तिथेच विरघळतात.

सर्वात जास्त गाजलेली वाट म्हणजे जागं करा आणि मारा. हिस्टोनची घडी सैल करणारं औषध द्यायचं, विषाणू जागा करायचा आणि ती पेशी एक तर आपोआप मरेल, नाही तर प्रतिकारशक्ती तिला टिपेल. व्होरिनोस्टॅट या कर्करोगाच्या औषधाने २०१२ मध्ये आठ रुग्णांच्या विश्रांत पेशींत विषाणूचा आरएनए सरासरी ४.८ पट वाढवला. जागं करणं जमलं. मारणं जमलं नाही. जाग्या झालेल्या पेशी मरत नाहीत आणि वर्षानुवर्षं औषधावर असलेल्या माणसाच्या मारक पेशीही सुस्तावलेल्या असतात. ब्रिटनमधल्या रिव्हर चाचणीत म्हणून व्होरिनोस्टॅटला लसीची जोड दिली, ६० जणांत. २०२० मध्ये निकाल आला: नुसत्या एआरटीच्या गटात आणि यांच्यात साठ्याचा काहीच फरक नाही. दोन हजारपट राहू द्या, दुप्पटही नाही.

दुसरी वाट कात्रीची. क्रिस्पर हे जनुकं कापायचं तंत्र वापरून गुणसूत्रातला विषाणूचा डीएनए कापून काढायचा. ईबीटी-१०१ या उपचारात ही कात्री निरुपद्रवी विषाणूवर चढवून शिरेतून दिली गेली. २०२४ मध्ये कळलं की उपचार सुरक्षित दिसतो, पण एआरटी थांबवलेल्या तिघांतही विषाणू परतला, त्यातल्या एकात १६ आठवड्यांपर्यंत लांबून. अडचण कापण्यापेक्षा पोचण्याची आहे. दहा लाखांत एक पेशी, तीही शरीरभर विखुरलेली, आणि बाहेरून ओळखायची खूण नाही.

मेलबर्नच्या डोहर्टी संस्थेने २०२५ मध्ये दाखवलेलं काम मला त्यामुळेच महत्त्वाचं वाटतं. विश्रांत टी पेशी चरबीच्या सूक्ष्म थेंबांतून पाठवलेला एमआरएनए, म्हणजे प्रथिन बनवायचा निरोप, आत घेत नाहीत, असा अनुभव होता. त्यांनी थेंबाची रचना बदलली आणि त्यातून टॅटचा एमआरएनए आत पोचवला. विषाणूचं स्वतःचंच प्रथिन त्याला उठवायला वापरलं! रुग्णांकडून घेतलेल्या पेशींत, काचेच्या भांड्यात, ते जमलं. शरीरात ते करून दाखवणं आणि उठलेल्या पेशी मरतील याची खात्री करणं अजून बाकी आहे.

मिसिसिपीच्या मुलीला २०१४ मध्ये लगेच औषधं सुरू झाली. त्याच सुमारास, तिच्यावरूनच बेतलेला एक मोठा अभ्यास सुरू होऊ घातला होता: जन्मल्यापासून ४८ तासांच्या आत उपचार आणि पुढे काटेकोर निकष पार केले तरच औषध थांबवण्याची मुभा. मुलीत विषाणू परतल्यावर त्या आखणीचा फेरविचार करू असं सरकारी संस्थेने जाहीर केलं. थांबवायला नको होतं आणि थांबवलं नाही, हे बरंच झालं. गर्भातच संसर्ग झालेली ५४ बाळं त्यात आली. त्यातल्या सहा मुलांची औषधं वयाच्या सुमारे साडेपाच वर्षांला थांबवली गेली, वरचेवर रक्त तपासत.

मार्च २०२४ मध्ये त्या सहा जणांचा हिशेब मांडला गेला. एकात तिसऱ्या आठवड्यात विषाणू परतला, एकात आठव्या. चौघं निदान ४८ आठवड्यांपर्यंत पोचली. त्यातल्या एकात ८० व्या आठवड्यात विषाणू सापडला, उरलेली तिघं तेव्हा ४८, ५२ आणि ६४ आठवड्यांवर होती. ज्यांच्यात विषाणू परतला त्यांची एआरटी पुन्हा सुरू झाली आणि काही आठवड्यांत तो पुन्हा दबला. या वेळी निवेदनात 'बरी झाली' असं कुणी म्हटलं नाही.